आज्जांचा मॅसी ३५: कंपनीचं काय, बदललेलं काय

निपाणीजवळच्या एका तरुणानं विचारलंय. आज्जांनी घेतलेला मॅसी फर्ग्युसन ३५ पंधरा वर्षं गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभा आहे. तो चालू करायचा आणि जमेल तितका मूळ रूपात आणायचा, असं ह्या तरुणाच्या मनात आहे. पण इंजिनवर ‘पर्किन्स’ नाही, ‘सिम्पसन’ लिहिलंय. डायनामो जाऊन अल्टरनेटर आलाय. मागं उसाच्या ट्रॉलीसाठी कुणीतरी वेल्डिंग करून हूक बसवलाय. स्टिअरिंगखालची नंबराची पट्टी गायब आहे, आणि आर.सी. बुकाचं तारखेचं पान वाळवीनं खाल्लंय. एका स्पेअरवाल्यानं बघून सांगितलं, ‘ह्यात ओरिजिनल काय राहिलं नाही, भंगारात घाला.’ तर ओरिजिनल भाग ओळखायचे कसे, आणि कंपनीनंच मधे केलेले बदल कुठले हे कळायचं कसं?

भंगारात घालू नका. मी बेळगावात उद्यमबागेला चौतीस वर्षं ट्रॅक्टरचंच काम करतोय. तुम्ही पाठवलेले फोटो नीट बघितले. त्यावरून सांगतो, गाडीत अस्सल बरंच शिल्लक आहे.

पहिली विनंती: आत्ता धुऊ नका, खरवडू नका, रंग तर अजिबात लावू नका. हे मी चूक करून शिकलोय. धंद्याच्या सुरुवातीला खानापूरकडचा एक जुना मॅसी माझ्याकडं आला. मालकांना तो नव्यासारखा दिसायला हवा होता. मी दोन दिवसांत पूर्ण अंग सँडब्लास्ट करून घेतलं. लाल रंग मारायला बसलो तेव्हा गिअरबॉक्सच्या हाऊसिंगखाली, एका खाचेत, जिथं वाळू पोचली नव्हती, तिथं नखाएवढा तांबूस सोनेरी रंग दिसला. तेव्हा त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कळला तोवर वरून लाल रंगाचे दोन हात बसले होते.

अर्थ असा. हा ट्रॅक्टर १९५६ साली इंग्लंडात निघाला तेव्हा त्याचं नाव फर्ग्युसन ३५ होतं. पत्रा राखाडी आणि इंजिन-गिअरबॉक्स तांबूस सोनेरी. १९५७ सरता सरता तोच ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन ३५ म्हणून लाल पत्रा आणि राखाडी अंग घेऊन बाहेर पडू लागला. म्हणजे तळाशी सोनेरी थर असेल तर ते हाऊसिंग पहिल्या वर्षा-दीड वर्षातलं. तो पुरावा मी स्वतःच्या हातानं पुसला, याची हळहळ अजून आहे.

म्हणून रंग असा वाचा. १२० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पाण्याचा पेपर घ्या. अंगठ्याएवढ्या जागेवर हलक्या हातानं गोल घासा. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा थरांच्या रिंगा उमटतील: वरचा लाल, खाली कुणी मारलेला नारंगीकडं झुकणारा लाल, मग पिवळट प्रायमर, मग राखाडी. फोटो काढा, बाजूला चिठ्ठी लिहा. जागा निवडायच्या त्या कुणाचा ब्रश सहसा न पोचणाऱ्या: बॅटरीच्या तबकाखाली, डॅशच्या मागं, टूलबॉक्सच्या आत, मडगार्ड जिथं एक्सलला बसतं त्या जोडात. एखाद्याच भागावर थर कमी निघाले, तर तो भाग मागाहून आलेला आहे असं समजा. दोन्ही मडगार्डांवर पाच थर आणि बोनेटवर दोनच, तर बोनेट दुसऱ्या गाडीचं किंवा बाजारातलं.

आता इंजिन. सिम्पसन बघून तुम्ही नाराज झालात, पण तिथं नाराज होण्यासारखं काही नाही. मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं पर्किन्सच्या परवान्यानं इथं इंजिनं बनवली, आणि १९६० साली मद्रासमध्येच निघालेल्या टॅफेनं मॅसीचे ट्रॅक्टर बांधले. भारतात बांधलेल्या मॅसीत सिम्पसनचं इंजिन म्हणजे कंपनीचंच इंजिन. उलट, त्यात चकचकीत ‘पर्किन्स’चा बिल्ला दिसला तर मी आधी तो बिल्ला कधी लावला ते शोधीन.

ज्यांना इंग्लंडची कालगणना पाठ असते ते इथंच फसतात. तिकडचे टप्पे असे: सुरुवातीला डिझेलमध्ये स्टँडर्ड कंपनीचं २३सी हे चार सिलिंडरचं इंजिन होतं, थंडीत सुरू व्हायला कुरकुर करणारं. १९५९ च्या शेवटी त्याजागी पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. १९६२ च्या शेवटी जास्त ताकदीचा ३५-एक्स आला, आणि १९६४ मध्ये ३५ थांबून चौकोनी तोंडाचा १३५ आला. पण मद्रासला ह्याच घराण्याचा १०३५ पुढं कितीतरी वर्षं निघत राहिला. त्यामुळं ‘१९६४ नंतर असा भाग नव्हताच, म्हणजे हा डुप्लिकेट’ हे म्हणणं आपल्याकडच्या गाडीला लागू होत नाही.

तुमच्या फोटोत पंपापासून नोजलकडं तीन नळ्या जाताना दिसतात. म्हणजे ३.१५२ घराणं. नावातच माप आहे: तीन सिलिंडर, १५२ घनइंच, म्हणजे अडीच लिटर. बोअर ३.६ इंच, स्ट्रोक ५ इंच. सिलिंडरच्या आत पातळ नळ्यांसारखे लायनर असतात आणि ते बदलायसाठीच बनवलेले असतात. लायनर-पिस्टन नवे असले म्हणून इंजिनचं अस्सलपण गेलं असं मी धरत नाही. ब्लॉक, हेड, टायमिंग कव्हर आणि पंप हे चार भाग बघा. डिझेलचा पंप सीएव्ही कंपनीचा डीपीए जातीचा असेल, गोल ठेंगणा, तर तो घराण्यातला. त्याच्यावरची छोटी पट्टी शाबूत असेल तर तिच्यावरचा नंबर उतरवून घ्या.

ओतीव भागांचं सांगताना थोडं सविस्तर सांगतो, कारण ते इथल्या लोकांइतकं कुणाला कळणार नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांत, तिकडं कोल्हापूरला शिरोली-गोकुळ शिरगावात, लोखंड ओतणं हा रोजचा धंदा आहे. जुना भाग मिळेनासा झाला की लोक काय करायचे? तुटका भाग जोडून, पुट्टी भरून, घासून, तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबायचे आणि नवा ओतून घ्यायचे. काम भागायचं. पण ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. पॅटर्न करणारा माणूस त्यासाठी आकसाची पट्टी वापरतो, पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो. मूळ भागच पॅटर्न म्हणून वापरला तर ती वाढ मिळत नाही, आणि नकल एक टक्क्यानं लहान येते. चारशे मिलिमीटर लांबीचा मॅनिफोल्ड असेल तर चार मिलिमीटर कमी. भोकं नंतर ड्रिल केलेली असल्यामुळं बरोबर जागी असतात, पण भोकापासून कडेपर्यंतचं लोखंड कमी पडतं. व्हर्नियर लावला की लबाडी लपत नाही.

दुसरी खूण उठावाच्या अक्षरांची. कंपनीच्या पॅटर्नमधली अक्षरं कडांना धारदार असतात. नकलेत तीच अक्षरं वितळल्यासारखी, साबणावर कोरून चार अंघोळी झाल्यावर दिसतात तशी. वाचायची युक्ती सोपी आहे. रॉकेलनं आणि तारेच्या नव्हे, पितळी ब्रशनं जागा साफ करा, वाळू द्या, मग पांढरा खडू आडवा धरून फिरवा. उठाव पांढरा होतो, खोलगट जागा काळी राहते. आत ठोकलेले नंबर असतील तर उलटं करायचं: खडूची भुकटी बोटानं खाचेत भरायची आणि वरची कापडानं पुसायची. मागच्या महिन्यात संकेश्वरच्या एका गाडीवर मालकाच्या मुलीनं असा खडू फिरवला, तर तीस वर्षं ग्रीसखाली दडलेला नंबर ओळीनं उमटला. तिच्या आजोबांनी तो मोठ्यानं वाचला.

एक घोटाळा मात्र टाळा. ओतीव नंबर हा बहुतेक वेळा डिझाइनचा नंबर असतो, भाग ओतल्याच्या तारखेचा नव्हे. फोर्डमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. एस्कॉर्ट्सनं १९७१ पासून बांधलेला फोर्ड ३००० अजून आपल्याकडं दिसतो. फोर्डच्या भागावर सुरुवातीला सी, डी किंवा ई हे इंग्रजी अक्षर असतं, म्हणजे साठ, सत्तर किंवा ऐंशीचं दशक. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष, आणि त्यापुढं एनएन आलं की ट्रॅक्टरचा भाग. ‘सी५एनएन’ म्हणजे १९६५ साली नक्की झालेलं डिझाइन. १९७४ च्या गाडीवर तो नंबर असणं अगदी रास्त आहे. पण १९७० च्या गाडीवर ‘डी५’ दिसला, तर तो भाग नक्कीच नंतर चढलाय. डिझाइन गाडीपेक्षा जुनं असू शकतं, नवं असू शकत नाही, एवढं धरून चाला.

महिंद्रानं कांदिवलीत १९६५ पासून बांधलेला इंटरनॅशनल बी-२७५ घरी असेल त्यांच्यासाठी तसंच एक सूत्र आहे. इंटरनॅशनलच्या नंबराला शेपूट असतं: आर१, आर२, आर३. दर सुधारणेला शेपटाचा आकडा वाढतो. त्याच कंपनीनं अमेरिकेत १९६१ साली काढलेल्या कब कॅडेट ह्या बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरवरही हीच पद्धत आहे. तिकडं असे छोटे ट्रॅक्टर जपणारे लोक पुष्कळ, आणि ते पत्र्याच्या आकारावरून वर्ष सांगतात. जॉन डिअर ११० हा १९६३ चा ट्रॅक्टर, १९६७ पर्यंत त्याचे मडगार्ड गोल होते, १९६८ पासून चौकोनी. आपल्याकडं पत्र्यावर इतका भरवसा मी ठेवत नाही. इथं पत्रा सर्वांत आधी सडतो आणि सर्वांत आधी बदलतो. अथणीकडं द्राक्षबागांत फिरणाऱ्या १८.५ हॉर्सपॉवरच्या मित्सुबिशी बनावटीच्या ट्रॅक्टरांचंही तेच, फवारणीच्या औषधानं मडगार्ड चाळण होतात, पण हाऊसिंग वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आता पाने हातात घ्या. नट-बोल्टांकडं कुणी बघत नाही, पण गाडी कुणी कुणी उघडली ते तेच सांगतात. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं १९४८ साली आट्यांचं एकच इंची माप मान्य केलं, यूएनसी आणि यूएनएफ. मॅसी ३५ वर मुख्यतः तेच आटे आहेत. तीन अष्टमांश इंची बोल्टाच्या डोक्याला ९/१६ चा पाना बसतो, म्हणजे १४.३ मिलिमीटर. त्याच्यावर १४ चा चढत नाही, १५ चा लटपटतो. जिथं १७ चा पाना खटकन बसला तिथं कुणीतरी भोक मोठं करून एम१० चे, म्हणजे १० मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टाचे आटे पाडलेत. पाच सोळांश इंची भोकात तर फार नुकसान झालेलं सापडतं, कारण तो बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा आणि एम८ हा ८ चा. दिसायला जुळे भाऊ. एम८ दोन आटे हातानं जातो, मग अडतो, आणि घाईत असलेला पोरगा पान्याला पाईप लावून ओढतो. आटे सोलून निघतात.

डोक्यावरच्या खुणाही बघा. तीन रेघा किंवा ‘एस’ अक्षर असेल तर बोल्ट त्या काळाशी जुळणारा आहे, ‘८.८’ असेल तर तो मेट्रिक, मागाहूनचा. मी अशा वेळी कागदावर गाडीची बाह्याकृती काढतो आणि मेट्रिक बोल्ट दिसला तिथं तांबडा ठिपका देतो. टायमिंग कव्हरभोवती ठिपक्यांचा घोळका आणि मागच्या एक्सलला एकही नाही, असं चित्र आलं की इंजिन कितीदा उघडलं आणि एक्सल कधीच उघडला नाही हे न विचारता कळतं. न उघडलेल्या जागा सापडल्या की त्यांना हात लावायची घाई करू नका, त्या गाडीचा सर्वांत अस्सल ऐवज आहेत.

डायनामोचं थोडक्यात. अल्टरनेटर ही मागाहूनची सोय, कंपनीची नव्हे, पण दिव्यांसाठी चांगली सोय. तो काढून पुन्हा डायनामो बसवायचाच असेल तर, मूळ डायनामो लांबट नळकांड्यासारखा असतो आणि त्याच्या जोडीला कटआऊटचा डबा लागतो. लुकासच्या मालावर अंगावरच महिना-वर्ष ठोकलेलं सापडतं, आणि मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ ची, हे लक्षात ठेवलं तर भंगार बाजारात योग्य तुकडा निवडता येईल. बेळगाव-कोल्हापूरच्या भंगारवाल्यांकडं असे डायनामो वजनावर पडलेले असतात. गंजलेला असला तरी आर्मेचर शाबूत असेल तर घ्या.

पीटीओचा, म्हणजे मागं अवजारं फिरवणारा दांडा सहा खाचांचा आणि १ ३/८ इंच, म्हणजे जवळपास ३५ मिलिमीटर भरला पाहिजे. जुन्या फर्ग्युसन टीई-२० चा १ १/८ इंच, २८.६ मिलिमीटर असायचा. लिफ्टला दोन दांड्या आहेत ना बघा. टीई-२० ला फक्त ओढीवर चालणारा कंट्रोल होता, ३५ मध्ये अवजार एका उंचीला धरून ठेवायची सोय वाढली. गिअर पुढचे सहा, मागचे दोन. हे तिन्ही जुळलं तर मागचं अर्धं अंग ३५ घराण्याचंच आहे.

नंबराच्या पट्टीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. नवी पट्टी विकत घेऊन तिच्यावर नंबर ठोकून आणू नका. ब्लॉकवरचा नंबर घासून दुसरा तर कधीच मारू नका. सजावट म्हणून केलं तरी कायद्याच्या नजरेत ती नंबराची फेरफार आहे, आणि पुढं तुमच्याच मुलांना गाडी नावावर करताना अडचण येईल. पट्टी जिथं होती तिथली रिव्हेटची भोकं, तिच्याखालचा रंग, एवढं जपा. इंजिन नंबर ब्लॉकवरून खडूनं वाचा, आर.सी. बुकाशी ताडा. जुळला नाही तर इंजिन कधीतरी बदललंय, आणि ती नोंद चिकोडीच्या आरटीओतून रीतसर करून घ्या.

तारीख वाळवीनं खाल्ली असली तरी कागदाचा मथळा उरलाय, त्यावर ‘मैसूर’ राज्य आहे. राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ ला कर्नाटक झालं. जुने छापील फॉर्म संपेपर्यंत वापरले गेले असतील हे धरून, गाडीची नोंद त्या सुमाराच्या आधीची म्हणायला हरकत नाही. तुमच्या गाडीचा नंबर ‘एमवाय’नं सुरू होतो, ‘केए-२३’नं नाही, हेही त्याच्याशी जुळतं, कारण ‘केए’ची पद्धत १९८९ ची. कराच्या पावत्या, जुनं बँकेचं पासबुक, देवघराच्या कपाटातली डिलिव्हरीच्या दिवशीचा पूजेचा फोटो, काही सापडतं का बघा. नवा ट्रॅक्टर दारात आला तेव्हा हार घालून फोटो काढला असेलच, आणि त्या फोटोत बोनेट, दिवे, मडगार्ड सगळं दिसतं. माझ्या अनुभवात असा एक फोटो दहा पार्ट्स बुकांच्या तोडीचा असतो.

पार्ट्स बुकही मिळवा. त्यात एकाच भागासमोर दोन नंबर दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, अमुक सीरियल नंबरपर्यंत हा, त्यापुढं तो. कंपनीनं डिझाइन कधी बदललं त्याची ती कंपनीनंच केलेली नोंद. स्पेअरवाला ‘चालतंय हो, तेच आहे’ म्हणाला तरी ही ओळ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी तो वेल्डिंगचा हूक, कारण फोटोत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. तो एक्सलच्या मध्यापेक्षा वर आहे. एवढ्या उंचावरून उसाची भरलेली ट्रॉली ओढली की चढाला पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो. ओढ नेहमी एक्सलच्या मध्याच्या खालून, ड्रॉबारवरून हवी. ट्रॉली पुन्हा जोडायची असेल तर हा हूक आधी काढा. पण काढलात तरी टाकू नका. हूकची पट्टी हातानं ठोकलेली दिसते, वेल्डिंगचे टाके सरळ आणि एकसारखे आहेत, कडा घासून गोल केल्यात. हे कुणा चांगल्या लोहाराचं, तुमच्या आज्जांच्या सांगण्यावरून केलेलं काम आहे. कंपनीचा भाग, बाजारचा भाग आणि घरच्यांनी करून घेतलेला भाग ह्या तीन वेगळ्या गोष्टी. स्पेअरवाल्यानं तिन्ही एकाच पोत्यात घातल्या. मी हूकला तारेनं चिठ्ठी बांधून, तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला असता. गावात त्या काळचं लोहारकाम कोण करायचं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि नाव चिठ्ठीवर लिहा.

इंजिन मात्र लगेच सेल्फ मारून फिरवू नका. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा. तिन्ही नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑईल आणि डिझेल मिसळून सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीवरून पान्यानं हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आणखी दोन दिवस थांबा. एअर क्लीनरच्या तेलाच्या वाटीत उंदरांनी घर केलेलं असतं, तीही काढून बघा. आणि टूलबॉक्स अजून उघडलेला नसेल तर कॅमेरा सुरू ठेवून उघडा. आत ९/१६ चा पाना असायची शक्यता दाट आहे, आणि तो ज्या घडीच्या फडक्यात असेल ते फडकंसुद्धा तसंच राहू द्या.